झिऱ्याचं पाणी

आमच्या घरात पाण्याच्याही जाती आहेत. नळाचं पाणी धुण्याभांड्याला, मशीनमधून गाळलेलं प्यायला, नळ रुसला की टँकरचं, आणि विहिरीचं फक्त लग्नाला. विहीर आमचीच, घरामागे, वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठावर. तिचं पाणी कित्येक वर्षांत रोजच्या पिण्यात आलेलं नाही. पण घरात हळद लागायची असली की बायका वाजतगाजत हंडे घेऊन तिच्यावरच जाणार आणि त्या हंड्यातला पहिला घोट नवरीने घ्यायचा. घोट घेतल्याशिवाय हळद लावायची नाही. हा नियम कोणी केला असं मी एकदा आजीला विचारलं होतं. "देवानं," ती म्हणाली. देवाला दुसरी कामं नव्हती का, असं मी पुढे बोलले आणि दोन दिवस तिचा अबोला पत्करला.

माझी आजी वेणू ही धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात विधी सांगत धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणारी बाई असते, ती धवलारीण. भटजी नंतर येतो, आधी तिचा मान. पनवेलपासून उरणपर्यंत आजीने किती जणींना हळद लावली याचा हिशेब तिच्याकडेही नव्हता. आवाज फाटका होता, पण तिने धवला सुरू केला की डीजेवाला आपणहून आवाज बारीक करायचा. आणि तिला एकच वेड होतं. आपल्या नातीचं, म्हणजे माझं, भाविकाचं लग्न स्वतःच्या गळ्याने आणि स्वतःच्या विहिरीच्या पाण्याने लावायचं. मी पंचविशी ओलांडली तशी ती रोज गावदेवीला बजावत होती की मला एवढं लगीन लावू दे, मग काय ते कर.

देवीने तिचं म्हणणं शब्दशः मनावर घेतलं.

आता बाबांबद्दल सांगते. रागाने सांगणार आहे, पण खोटं सांगणार नाही. माझे वडील कमळाकर. आमची भातशेती गेली आणि तिथे टॉवर उभे राहिले. जमीन गेली की जमीनवाल्याला एखादा ठेका देऊन गप्प बसवायची इकडे पद्धत आहे. कुणाला बाग मिळते, कुणाला सिक्युरिटी. बाबांना सांडपाणी मिळालं. टॉवरमधल्या सगळ्या संडास-मोऱ्यांचं पाणी तळघरातल्या टाक्यांत येतं, ते शुद्ध करून बागेला आणि फ्लशला द्यायचं आणि उरलेलं वहाळात सोडायचं, असं ते काम. "लोकांचे बाप शेत राखतात, तुझा बाप लोकांची मोरी राखतो," असं आई मला हसत म्हणायची. बाबा चिडायचे नाहीत. त्यांना त्या प्लांटचा खरोखर अभिमान होता.

इतका, की सुरुवातीच्या दिवसांत ते आजीला हाताला धरून तो दाखवायला घेऊन गेले. मीही बरोबर होते. खाली मोठ्या टाकीत पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं आणि ब्लोअर घरघरत होता.

"आये, ह्या टाकीत आमी हवा सोडतो," बाबा ओरडून सांगत होते. "हवेवर किडं जगतात, डोळ्याला दिसत नाय असं. तेच घाण खातात."

"म्हंजे तू किडं पाळलंस?"

"पाळलंच म्हण."

"मंग त्यांना उपाशी नको ठेवू बाबा," आजी म्हणाली आणि प्लांटवर काम करणारा काशीरामसुद्धा हसला.

पुढे गाळ खाली बसायची टाकी, मग वाळूची टाकी. पाणी या वाळूतून गाळून पलीकडे निघतं, असं बाबांनी सांगितलं तेव्हा आजीचा चेहरा उजळला. "म्हंजे झिराच की रं हा!"

झिरा ही तिच्या तरुणपणाची गोष्ट. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की बायका वहाळाच्या वाळूत हाताने खड्डा खणायच्या. बाजूने पाणी झिरपून त्यात यायचं, काचेसारखं नितळ, थंडगार. पहिलं उपसून टाकायचं, दुसरं भरायचं. वाळू सगळी घाण धरून ठेवते, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिने आयुष्यभर ते पाणी पिऊन पोरं वाढवली होती. शेवटी बाबांनी तिला शुद्ध झालेल्या पाण्याचा ग्लास दाखवला. तिने नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. त्यात जंतू मारायचं औषध सोडलेलं होतं. "दवाचा वास येतो याला," ती म्हणाली. "मना नको. तुमच्या झाडांना घाला."

ही झाली चांगल्या दिवसांतली गोष्ट. गेल्या वर्षी ब्लोअर जळला.

हे मला पुष्कळ नंतर कळलं, पण तुमच्यापासून कशाला लपवू? नवा ब्लोअर कुणी घ्यायचा यावरून सोसायटीची कमिटी आणि बाबा यांच्यात जुंपली. कमिटी म्हणे ठेकेदाराने घ्या, बाबा म्हणत मालकाने घ्या. भांडण मिटेपर्यंत चार दिवस तसंच चालवू, असं बाबांनी काशीरामला सांगितलं. हवा बंद झाली आणि ते बिचारे किडे मेले. गाळ तेवढा खाली बसायचा आणि वरचं निवळलेलं पाणी सगळंच वहाळात जायचं. जंतू मारायचं औषधही संपलं ते पुन्हा आलं नाही. चार दिवसांचे चार महिने झाले, मग वर्ष झालं, तरी कोणाला पत्ता नाही. माणूस साखळी ओढतो आणि पाण्याशी त्याचा संबंध तुटतो. कधी वास आलाच तर आमच्याकडे तो तळोज्याच्या कारखान्यांवर ढकलायची सोय आहे. आम्ही सगळे तेच म्हणायचो, मीसुद्धा.

बाबा वाईट माणूस नाहीत. ते चालढकल करणारे आहेत. गावाकडे ही दोन माणसं वेगळी समजतात.

आजीला मात्र त्या वर्षी एक आनंद झाला. आमचा वहाळ होळीनंतर आटतो. त्या उन्हाळ्यात तो आटला नाही. मे महिन्यातही खळखळत होता. "देवी पावली," ती येईल त्याला सांगायची. "आणि माझ्या कमळाकरानं साफ केल्यालं पाणी हाय ते. मशीनीतनं." बाबा तिथे बसलेले असले तर उठून आत जायचे. मला वाटायचं, कौतुकाला लाजतात.

माझं लग्न उरणच्या प्रितेशशी ठरलं. तो बंदरात नोकरीला आहे, साधा मुलगा. त्याच मे महिन्यातली तारीख धरली आणि घरात पहिलं भांडण पाण्यावरून झालं. बाबा म्हणाले, यंदा हळदीला विहिरीचं पाणी नको, चांगले बाटलीबंद पाण्याचे जार मागवू.

आजीने सुपारी कातरायची थांबवली. "का? विहिरीला काय झालं?"

"जुनी हाय. कोण साफ करतं तिला?"

"मंग साफ कर. तुझ्या लग्नाला तुझ्या बापानं तीनदा उपसली होती. आणि तू पोरीला दुकानातलं पाणी पाजणार?"

बाबांना तेव्हाच सांगता आलं असतं. विहीर वहाळाला लागून, वहाळात आपण काय सोडतो ते आपल्याला माहीत, म्हणून भीती वाटते. एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे पोराच्या मशीनचं गावभर कौतुक सांगणाऱ्या आईच्या डोळ्यांत बघायचं. त्यांनी "बरं, करतो साफ" एवढंच म्हटलं.

आणि त्यांनी केलं, हे मान्य करायला हवं. पंप लावून विहीर उपसली, गाळ काढला. हळदीच्या आदल्या दिवशी, आम्ही बायका मेंदीत अडकलेल्या असताना, पिण्याच्या पाण्याचे टँकर आणून विहिरीत रिते केले. वर जंतुनाशक पावडर टाकली. किती टाकायची याची चौकशी करायला हवी होती, पण घाबरलेल्या माणसाचा हात सैल असतो. कोणाला काही न सांगता सगळं निस्तरलं, असं त्यांना वाटलं असणार. त्या संध्याकाळी ते कितीतरी दिवसांनी मोकळे हसले होते. मला अजून आठवतं.

हळदीच्या सकाळी बाबा फुलं आणि हार आणायला पनवेलच्या बाजारात गेले. बायका हंडे घेऊन विहिरीवर गेल्या. आजी पुढे, धवला गात. मी घरात पाटावर बसून ऐकत होते. गाणं विहिरीपाशी पोचलं आणि मध्येच थांबलं.

काय झालं ते आईने नंतर सांगितलं. पहिला हंडा वर आला, आजीने ओंजळ भरली आणि नाकाशी नेली. मग ओंजळ सोडून दिली. "दवाचं पाणी हाय," ती म्हणाली. "विहीर बाटवली कुणीतरी." दुसरा हंडा काढला, तिसरा काढला. तोच वास. बायका म्हणाल्या, चालेल गं, घोटभर तर प्यायचं. पण आजी ऐकते होय! आख्ख्या तालुक्याच्या पोरींना कोरं पाणी पाजलं आणि स्वतःच्या नातीला औषध पाजू? तिने पदर खोचला आणि तरातरा वहाळात उतरली.

धारेपासून जरा दूर, जांभळीच्या सावलीत, जिथे ती सून म्हणून आली तेव्हा खणायची तिथेच ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. सत्तरी उलटलेली बाई. कोणाला हात लावू दिला नाही. खड्ड्यात पाणी आलं, तिने ते उपसून टाकलं, पुन्हा आलं. नितळ, थंडगार, कसलाही वास नाही. तिने आधी स्वतः ओंजळभर पिऊन बघितलं, मग आणखी एक ओंजळ प्यायली, गोड लागलं म्हणून, आणि हंडा भरून घेतला. तिच्या लेखी ते पाणी दोनदा साफ झालेलं होतं. एकदा पोराच्या मशीनीत आणि एकदा वाळूत.

गाणं पुन्हा सुरू झालेलं मी ऐकलं. ती आत आली तेव्हा तिची नखं वाळूने भरलेली होती आणि चेहरा एखाद्या पोरीसारखा फुललेला. तिने तांब्या माझ्या ओठांना लावला. "पी गो बाय. झिऱ्याचं हाय. असं पानी तुझ्या आईलापन नाय मिलालं." मी घोट घेतला. खरंच गोड होतं.

तेवढ्यात बाबा आले. हातात झेंडूची पिशवी. आजीने त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की विहीर कुणीतरी बाटवली होती, पण मी झिरा खणून, आधी स्वतः पिऊन बघून पाणी आणलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. मग ते पुढे आले आणि त्यांचा पाय लागून पाण्याचा हंडा कलंडला. सगळं पाणी अंगणात. पाय चुकून लागला नव्हता. मी पाटावर समोरच होते, मला दिसलं. पण का, हे कळायला माझ्याकडे काही नव्हतं.

बायकांत कालवा झाला. हळदीचा हंडा लवंडणं म्हणजे अपशकुन. आजी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. "डोळं फुटलं काय रं तुझं? पोरीच्या हळदीचं पानी!" बाबा मान खाली घालून उभे होते. माझ्या हळदीच्या अंघोळीला नळाचं पाणी घेतलं. तेव्हा बोलले असते तरी आम्हा दोघींना गाडीत घालून डॉक्टरकडे नेता आलं असतं. पण दारात मांडव, घरभर पाहुणे. दोघींना काही होणार नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एक घोट तर होता.

लग्न झालं. चांगलं झालं. आजीचा आवाज त्या दिवशी बसला होता, तरी तिने एकही गाणं सोडलं नाही. मी उरणला गेले आणि पाचव्या दिवशी पाचपरतावणाला माहेरी आले, तर आजी अंथरुणात. आदल्या संध्याकाळपासून जुलाब आणि उलट्या. लग्नाचं जेवण बाधलं असेल, असं सगळे म्हणत होते. दुपारी माझ्याही पोटात कळ आली.

पनवेलच्या एका दवाखान्यात आम्हा दोघींना शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला की बाहेरचं पाणी कुठे प्यायलात. बाबा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "लग्नघर आहे, कुठेही प्यायले असतील," असं ते म्हणाले. सलाइन लागली. मी तरुण, मी सावरले. आजीची लघवी बंद झाली. डॉक्टर बाबांना बाहेर घेऊन गेले आणि परत आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजीने त्यांना जवळ बोलावलं. मी डोळे मिटून पडले होते, झोपले नव्हते.

"कमळाकर, खरं सांग. त्या पान्यानं झालं काय रं?"

बाबा तिची चादर सारखी करत राहिले.

"मीच पाजलं पोरीला. माझ्या हातानं. मना मेल्यावरपन सुटका नाय व्हनार."

"नाय, आये."

"मंग?"

"पानी चांगलं हाय. झिऱ्याला काय झालंय? जेवनातलं बाधलं तुमाला."

मी डोळे उघडले. आजी त्यांच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. इतकं सुटल्यासारखं तिला मी कधी बघितलं नव्हतं. "तुझ्या मशीनीतलं पानी," ती म्हणाली. "खराब कसं असंल? मी उगीच भ्याले." मग तिने आईला हाक मारली. "निशा, आयक. मी गेले तर त्याच पान्यानं न्हाऊ घाल मना. झिऱ्याच्या. आनि तोंडात दोन थेंब घाल. दवाचं नको."

दुपारी ती गेली.

तिला घरी आणलं. मीही हट्टाने दवाखान्यातून सुटका करून घेतली. लग्नाचा मांडव अजून दारात होता, झेंडू वाळून लोंबत होते, आणि त्याच मांडवाखाली आजीला ठेवलं. बायका जमल्या. हळदीला आल्या होत्या त्याच सगळ्या. आईने आजीची शेवटची इच्छा सांगितली. झिऱ्याचं पाणी. कोणीतरी म्हणालं, न्हाऊ घातल्यावर आपणही सगळ्या दोन दोन थेंब घेऊ, धवलारणीचा प्रसाद. चारपाच जणींनी हंडे उचलले. हळदीचेच हंडे. गळ्यात बांधलेला लाल धागासुद्धा तसाच होता.

त्या अंगण ओलांडून मागच्या वाटेला लागल्या आणि बाबा धावत पुढे झाले. त्यांनी वाट अडवली.

"जाऊ नका."

"अरं, आयेची इच्छा हाय," आईची थोरली जाऊ म्हणाली. "हो बाजूला."

"त्या पान्याला हात नको लावू वयनी. कुनीच नका लावू." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "त्याच पान्यानं मेली ती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिथेच, उभ्या उभ्या, बायकांसमोर. ब्लोअर, मेलेले किडे, वर्षभर वहाळात सोडलेलं पाणी, टँकर, पावडर. मघापासून मी तुम्हाला जे सांगते आहे ते त्यांच्याच तोंडचं आहे. मला वाटलं होतं कोणीतरी त्यांना दोन शब्द सुनावेल. आमच्या बायका तोंडाच्या काही कमी नाहीत. पण एकेकीने हंडा खाली ठेवला. रिकामे हंडे होते, त्यांचा आवाज झाला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "मी घोट घेतला तेव्हा."

"हंडा पाडला ना मी," ते म्हणाले. लहान मुलाने सांगावं तसं, मान वर न करता. "पाडला ना, बाय."

मला त्यांना मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले.

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. विहिरीला कोणी हात लावायला तयार नव्हतं. शेवटी केतनने, माझ्या भावाने, फोन करून टँकर मागवला. बाबांनी स्वतः पाइप धरून हंडे भरले आणि तीच पावडर आणून चिमटीने प्रत्येक हंड्यात टाकली. या वेळी किती टाकायची ते त्यांनी टँकरवाल्याला विचारून घेतलं. आईने आणि मी आजीला न्हाऊ घातलं. तिच्या नखांच्या कोपऱ्यांत अजून वाळूचे कण होते, ते मी काडीने काढले. तोंडात दोन थेंब घालताना माझा हात थांबला, कारण वास येत होता. बाबा माझ्याकडे बघत होते. मी थेंब घातले.

अंगणभर त्या औषधाचा वास पसरला होता. त्याला नाक मुरडणारं माणूस घरात आता कोणी उरलं नव्हतं.